अवसेचं समुद्रस्नान

महाबळेश्वर अन् समुद्र, एका फेरीत दोन्ही! आमच्या जुन्या जालन्यात त्या काळी असं कोण जात होतं हो? लोक तीर्थाला जायचे, लग्नाला जायचे, मयताला जायचे. नुसती हवा खायला कोणी घराबाहेर पडलं तर ह्यांचा पैसा उतू चाललाय असं गल्ली म्हणायची. पण आमच्या थोरल्या भावजींची, नरहर वकिलांची, वकिली तेव्हा जोरात होती. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्ता, अन् त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भावजींनी जाहीर केलं, चला, आपलं नवं राज्य बघून येऊ. खर्चा सगळा त्यांचा.

सासूबाई, रमाबाई त्यांचं नाव, आधी बिलकुल तयार नव्हत्या. समुद्राला एरवी शिवायचं नसतं, फक्त पर्वाला शिवायचं, असं त्यांचं शास्त्र. मंग भावजींनी पंचांग काढलं अन् वैशाखातली अवस धरून सगळा बेत बसवला. आधी डोंगर, अन् अवसेला हरिहरेश्वर. तेव्हा कुठं बाई राजी झाल्या.

अन् नेमकं तेव्हाच मला कळलं की मला दिवस गेलेत.

लग्नाला चार वर्षं झाल्ती. हळदीकुंकवाला गेलं की बाया माझ्या तोंडाकडं न बघता पोटाकडं बघायच्या. सासूबाई तोंडानं काही म्हणायच्या न्हाईत, पण दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेतलं की असा उसासा टाकायच्या की स्वयंपाकघरात माझ्या हातातली पोळी फाटायची. तेव्हा मला तर कधी एकदा सांगते असं झाल्तं. पण आधी नवऱ्याला सांगावं, म्हणून ह्यांना सांगितलं. हे म्हणजे वामनराव, तहसील कचेरीत कारकून.

ह्यांनी आधी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू. मंग जरा वेळानं म्हणले, "शरयू, आईला आत्ताच बोलू नको. तिला कळलं तर तुला घाट चढू देणार न्हाई. तुला इथं ठेवलं की मलाही राहावं लागेल. दादा काय रोज रोज नेणार आहे का? आल्यावर सांगू. मी आहे न."

मी आहे न! ह्या तीन शब्दांवर किती बायकांचे जन्म गेले असतील, देव जाणे.

मी गप्प बसले. मलाही जायचंच होतं की. जालन्याहून मनमाड, मनमाडहून पुणं, पुढं एष्टी. पसरणीच्या घाटात मी चार वेळा खिडकीबाहेर तोंड काढलं. "एष्टी लागली ग हिला," म्हणून जाऊबाईंनी लिंबू हुंगायला दिलं. अरुंधतीबाई, भावजींची बायको. जिभेची तिखट, पण हाताची मायाळू. म्हणलं, बरं झालं, एष्टीच्या नावावर खपलं.

अन् वर पोचलो तर काय थंडी बाई! मे महिन्यात अंगावर शाल! आमच्या जालन्यात तेव्हा माठातलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. सकाळी उठून एकेक पॉइंट बघायला निघायचं. एका कड्यावर तर दरीत टाकलेलं पान वारा परत वर आणून देत होता. सासूबाईंनी एकदा टाकलं, परत आलं, दोनदा टाकलं, परत आलं, अन् त्या लहान पोरीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या. तशा त्यांना मी पुन्हा कधी पाहिलं न्हाई.

सगळ्यांनी घोड्यावर रपेट केली. जाऊबाई नऊवारीचा ओचा आवळून घोड्यावर बसल्या अन् "अहो धरा, अहो धरा" करत सगळा बाजार फिरून आल्या. मला इतकं बसावं वाटत होतं! घोडेवाला लगाम धरून उभा, अन् हे पटकन म्हणले, "तिला भीती वाटते."

"अगं, नाव शरयू अन् काळीज उंदराचं?" जाऊबाई म्हणल्या. सगळे हसले, मीही हसले. हे माझ्याकडं बघून डोळा मिचकावून राह्यले होते.

रस्त्यानं हे मुद्दाम मागं राहायचे. मंडळींना पुढं जाऊ द्यायचं अन् माझ्या पायानं चालायचं. तुती घेऊन द्यायचे, दगड पुसून बसायला द्यायचे. मुलगा झाला तर काय नाव, मुलगी झाली तर काय, सगळं त्या झाडीत बसून ठरलं. फार सुखाचे दिवस होते ते. माणूस तेव्हा चांगलाच होता. वाईट असता तर मी कधीच दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मंग घाट उतरून खाली कोकणात. समुद्र पाहिला अन् माझं तोंड उघडंच राह्यलं. आमच्याकडं पाणी म्हणजे कुंडलिका नदीचं, तेही पाऊस पडला तर. इथं जिकडं बघावं तिकडं पाणीच पाणी, अन् ते आपल्याच अंगावर धावून येऊन राह्यलेलं.

अवसेच्या सकाळी तिथल्या उपाध्यांनी आम्हाला वाळूवर ओळीनं उभं केलं. स्नानाचा संकल्प सांगायच्या आधी त्यांनी पुरुषांकडं बघून विचारलं, "कोणाच्या घरी मंडळी दोन जिवांची न्हाईत ना? असतील तर त्या गृहस्थानं समुद्रस्नान करायचं नसतं. गर्भाला बाधतं."



भावजी हसून म्हणले, "आमचं वय गेलं आता." सासूबाईंनी एक उसासा टाकला अन् म्हणल्या, "आमच्या वामनाचं कुठलं एवढं नशीब! सांगा तुम्ही संकल्प."

मी ह्यांच्या शेजारीच होते. हळूच म्हणलं, "नका जाऊ. ताप आहे म्हणा, पाय मुरगळला म्हणा."

"आता मागं फिरलो तर आई बराबर ओळखेल," हे ओठ न हलवता म्हणले. "काही होत न्हाई. हे भटांचं चालायचंच." अन् धोतर खोचून गेले की पाण्यात! सासूबाई काठावरून ओरडून राह्यल्या, "वामना, तीन बुड्या मार रे, बराबर तीन!" ह्यांनी मारल्या. वर आले तेव्हा हसत होते.

आल्यावर सांगायचं होतं, ते जालन्यात आल्यावरही सांगवेना. हे म्हणायचे, आत्ता सांगितलं तर आई बोटं मोजेल, समुद्राचं काढेल. अजून थोडं थांबू, एक महिना पुढं ढकलून सांगू. मी म्हणलं, अहो, पोट काय तुमच्या कचेरीतलं काम आहे का पुढं ढकलायला? पण थांबले. वटसावित्री आली. उपाशीपोटी वडाला फेऱ्या मारून सात जन्म हाच नवरा मागून आले.

त्याला पंधरा दिवसही झाले नसतील. दुपारी हंडा उचलला अन् कळ आली. दवाखान्यात नेईस्तोवर सगळं संपल्तं.

डॉक्टरीणबाई चांगली होती. "पहिल्या खेपेला होतं असं कधी कधी, कोणाचा दोष न्हाई," म्हणली. पण तिनं हेही सांगितलं की तिसरा सरून चौथा लागला होता. ते सासूबाईंनी ऐकलं.

घरी आणून मला खाटेवर निजवलं. जाऊबाई पायाला तेल चोळत होत्या. सासूबाई समोर पाटावर बसून बोटांच्या पेरांवर मोजून राह्यल्या होत्या. ज्येष्ठ, वैशाख, चैत्र. मोजणं झालं अन् त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पांघरूण वर ओढलं.

"म्हणजे तिथं होतीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो आई."

"अन् तू त्याला समुद्रात जाऊ दिलंस? उपाध्ये विचारत होते, सगळ्यांसमोर विचारत होते, अन् तू दगडासारखी उभी राह्यलीस? हिंडायची एवढी हौस? त्या बिचाऱ्याला निदान सांगायचं तरी!"

"ह्यांना सांगितलं होतं आई. जायच्या आधीच सांगितलं होतं."

हे दाराशी उभे होते. सासूबाईंनी मान वळवली. "वामन, हिनं तुला सांगितलं होतं?"

खरं सांगते, मला एवढीशीही फिकीर वाटली न्हाई. मी म्हणलं, आता बोलतील. आई रडेल, चिडेल, चार दिवस अबोला धरेल, पण बोलतील. माझं लेकरू गेलं ते ह्यांचंही गेलं होतं ना?

"न्हाई," हे म्हणले.

मी उठून बसले. अंगात ताकद न्हाई, तरी बसले. "अहो, त्या झाडीत बसून नावं ठरवली आपण! सांगा न!"

हे माझ्याकडं बघेनात. आईकडं बघून हळू आवाजात म्हणले, "तिची तब्येत बरी न्हाई आई. काहीच्या काही बोलून राह्यली. तू मनावर घेऊ नको."

जाऊबाईंचा तेलाचा हात थांबला. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् पुन्हा चोळायला लागल्या. त्यांना कळलं होतं. पण बोलल्या त्याही न्हाईत.

दोघंच असताना हे म्हणले, "आईचं वय झालं ग. मी जाणूनबुजून उतरलो हे कळलं असतं तर ती खचली असती. तुझं काय, तू सोसशील."

समुद्रानं लेकरू नेलं असं मी तेव्हाही मानलं न्हाई, आजही मानत न्हाई. पण गल्लीनं मानलं. नवऱ्याला फसवून समुद्रात घातलं अन् पोटचं घालवलं, अशी माझी ओळख झाली. पोरीबाळींना माझं उदाहरण द्यायचे. बारशाला बोलावणं यायचं, पण लेकरू माझ्या हातात द्यायचे न्हाईत. हे सगळं ह्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. अन् हे रोज जेवायला बसून मी वाढलेलं खात होते.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. खात्री झाली त्या सकाळी मी आधी दूधवाल्या नंदाबाईला सांगितलं. मंग शेजारच्या उषाबाईंना. मंग जाऊबाईंना, मंग सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवून त्यांना. देवळात गेले तर गुरवाच्या बायकोलाही सांगितलं. दुपारपर्यंत गल्लीत एक घर उरलं न्हाई.

संध्याकाळी हे कचेरीतून आले ते लालबुंद होऊन. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्यांना पेढे मागितले होते.

"सगळ्या गावाला सांगितलंस, अन् नवऱ्याला सगळ्यात शेवटी?"

मी भाकरी थापत होते. हात थांबवला न्हाई.

"तुम्हाला एकट्याला सांगून बघितलं होतं," मी म्हणलं. "ह्या खेपेला मला साक्षीदार पायजेत."