सुईची जागा

"तुमचा नोंदणी क्रमांक सांगा, सिस्टर."

तपासणीला आलेल्या बाईंनी वहीवर पेन टेकवलं होतं. रेजिना एका आजीबाईंना सलाईन लावून नुकतीच वळली होती. हातात अजून चिकटपट्टीचा तुकडा होता. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"सिस्टर नाही ती," डॉक्टर घाईने म्हणाले. "मदतनीस आहे. मावशीचं काम करते. आमची सिस्टर आज रजेवर आहे."

"मग हे सलाईन कोणी लावलं?"

"मी लावलं."

बाईंनी रेजिनाच्या पांढऱ्या युनिफॉर्मकडे एकदा नीट पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. रेजिनाला खाली बघावंसं वाटलं नाही. ती त्या बाईंच्या पाठीकडे बघत उभी राहिली.

बोळिंजमधल्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये रेजिना लोपीस अकरा वर्षं सिस्टर होती. बारावी आर्ट्स करून ती केसपेपर काढायला म्हणून तिथे लागली, आणि बघत बघत सगळं शिकली. तान्ह्या बाळाची शीर तिला अंधारात सापडायची. तिच्या गावातले लोक, चर्चमधल्या बायका, भाजीवाल्या, सगळे तिला सिस्टरच म्हणत. फक्त कुठल्याही कागदावर ती सिस्टर नव्हती.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि एक निळा कोट पुढे केला. "उद्यापासून हा घाल. काम तेच करायचंय. कोणी विचारलं तर मावशी म्हणायचं, बस."

"नाही डॉक्टर," रेजिना म्हणाली. "मी शिकायला जाते."

"या वयात? बत्तीसची असशील तू."

"तेहेतीसची व्हायच्या आधीच जाते ना."

घरी ॲलिस्टरने, तिच्या नवऱ्याने, आधी हसण्यावारी नेलं. तो सातिवलीला एका कारखान्यात मशीनवर होता. पण दोन दिवसांनी त्यानेच चौकशी करून तीन नर्सिंग स्कूलचे फॉर्म आणले.

"करतेयस तर जीएनएम कर," तो म्हणाला. "तीन वर्षांचा मोठा नर्सिंग कोर्स. मग कुवेत काय, आयर्लंड काय, कुठेही जाता येतं. माझी मावसबहीण गेली की नाय?"

"मला कुठे जायचंय? मला इथेच सिस्टर व्हायचंय. एएनएम दोन वर्षांत होतं. बाळंतपणं, लसी, गावातली कामं. लोकांच्या घरापर्यंत जायचं काम आहे ते."

"लोक म्हणतील छोटा कोर्स केला."

"लोक मला अकरा वर्षं खोटंच सिस्टर म्हणतायत. छोटी तर छोटी, खरी होऊ दे."

नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर हेमांगी मॅडमनीही तेच सांगितलं. एएनएम झाल्यावर मनात आलं तर पुढे जीएनएमचा रस्ता उघडा राहतो, तेव्हा वय आड येत नाही. रेजिनाने शाळेच्या प्रवेशखिडकीपाशी उभ्या उभ्या फॉर्म भरला.

वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली होत्या. त्या तिला पहिल्या दिवसापासून आंटी म्हणू लागल्या आणि प्रॅक्टिकलला तिच्याभोवती गोळा होऊ लागल्या. पेपर लिहिताना मात्र तिचा घाम निघायचा. आणि गंमत म्हणजे प्रॅक्टिकललाही तिचेच मार्क कापले जायचे. ती हात धुवायला दोन सेकंद घ्यायची, बाटलीवरचं नाव एकदाच वाचायची, ट्रे न मांडताच कामाला लागायची.

"तुझा हात हुशार आहे रेजिना," हेमांगी मॅडम म्हणाल्या, "पण तो कशासाठी काय करतो, ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही. परीक्षक तेच विचारणार."

म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून शिकली. पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक ठेवून, मग डबे करून, आपल्या मुलीला शाळेत सोडून. भाकरी थापताना ती मोठ्याने उत्तरं म्हणायची आणि ॲलिस्टर दात घासता घासता पुस्तकात बघून चुका काढायचा.

शेवटच्या परीक्षेला सात आठवडे उरले असताना वर्गात इंजेक्शनच्या जागांची उजळणी चालू होती. मॅडमनी फळ्यावर कमरेखालचा भाग काढला, त्याचे चार चौकोन केले, आणि मधोमध खाली जाणारी एक जाड रेघ ओढली.

"ही पायाची मोठी नर्व्ह. म्हणून सुई फक्त वरच्या, बाहेरच्या चौकोनात. माणूस बारीक असेल तर दुप्पट काळजी. आणि सुई गेल्यावर पेशंट म्हणाला की पायात करंट गेला, तर औषध सोडायचं नाही. सुई तिथल्या तिथे बाहेर. नाहीतर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं."

रेजिनाचं लिहिणं थांबलं.

पाच वर्षांपूर्वी चांदीप गावची यशोदाकाकी तापाने फणफणून आली होती. काडीसारखी बाई. बाकावर जागा नव्हती म्हणून उभ्या उभ्याच रेजिनाने तिला इंजेक्शन दिलं. "आई गं, पायात करंट गेला!" काकी ओरडली होती. रेजिनाच्या मागे अजून बारा पेशंट होते. "झालं झालं काकी," असं म्हणत तिने औषध पूर्ण सोडलं होतं. पंधरा दिवसांनी काकी पाय ओढत परत आली, तेव्हा डॉक्टरांनी वाताच्या गोळ्या लिहून दिल्या. नंतर ती आलीच नाही.

वर्ग सुटल्यावर तिने मॅडमना सगळं सांगितलं. काकीकडे जाऊन खरं सांगायचंय, हेही सांगितलं.

"त्यांनी तक्रार केली तर तुझी नोंदणी अडकू शकते," मॅडम म्हणाल्या. "मी तुला जा म्हणणार नाही. जाऊ नको असंही मला म्हणता येणार नाही."

ॲलिस्टरला मात्र म्हणता आलं. "वेडी आहेस का? दोन वर्षं घातलीस. निदान परीक्षा होऊ दे, मग जा."

"पास झाल्यावर न जायला आणखी कारणं सापडतील."

"फादरांकडे जा मग. पापनिवेदन कर, मोकळी हो."

"फादरांचा पाय लुळा पडलाय का, ॲली?"

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती एकटीच चांदीपला गेली. यशोदाकाकी वांग्यांच्या वाफ्यात बसून खुरपत होती. तिच्या डाव्या पायातली चप्पल चिंधीने घोट्याला बांधलेली होती. पाऊल उचलत नव्हतं, चप्पल धरवत नव्हती, म्हणून. रेजिनाला त्या चिंधीवरून नजर काढता येईना.

"कोन? अगं, सिस्टर तू! बस, पानी आनते."

"नको काकी. आधी ऐका."

ती वाफ्याच्या कडेला मातीतच बसली आणि तिने सांगितलं. कुठे सुई द्यायला हवी होती, कुठे दिली. तेव्हा ती शिकलेली नव्हती हे सांगितलं. वात नव्हता, हेही सांगितलं.

काकीने खुरपं खाली ठेवलं. "मी वरडले व्हते. करंट गेला म्हनून."

"हो."

"तू बोललीस, झालं झालं."

"हो, काकी."

काकी वांग्याच्या एका पानावरची माती बोटाने पुसत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी धाकटी जाऊ व्हती ना, तिचं नि माझं बांधावरनं भांडन झालेलं. त्याच आठवड्यात पाय गेला. भगत बोलला, घरातल्याच बाईनं करनी केलीय. पाच वरसं मी तिचं तोंड बघितलं नाय. गेल्या माघात ती गेली. मी मयताला पन गेले नाय."

क्षमा मागायची म्हणून ती मनात काही जुळवून आली होती, ते तिच्याच्याने म्हणवेना.

"आता बरा व्हनार का हा?"

"पूर्ण नाही होणार. खोटं नाही सांगत. पण प्लास्टिकचा एक आधार मिळतो, पावलाखालून पोटरीपर्यंत. पाऊल वर धरतो. नीट चालता येईल. मी घेऊन जाईन तुम्हाला."

"केयूरला कळलं तर तो सोडायचा नाय तुला," काकी म्हणाली. केयूर तिचा मुलगा.

रेजिनाने वहीचं पान फाडून आपलं पूर्ण नाव, फोन नंबर, नर्सिंग होमचं नाव आणि काय घडलं ते लिहिलं. खाली सही केली. "हे द्या त्याला. मी नाही म्हणणार नाही."

काकीने कागद घेतला. "जा आता," एवढंच म्हणाली.

उरलेल्या आठवड्यांत अनोळखी नंबरवरून फोन आला की रेजिनाला तो केयूरचाच वाटायचा. पण पुस्तक तिने खाली ठेवलं नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी नेमकी चिठ्ठी निघाली ती इंजेक्शनचीच. तिने हात पूर्ण वेळ धुतले. बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं. पुतळ्याच्या हाडांवर बोटं ठेवून जागा शोधली, पुन्हा तपासली.

परीक्षक बाई कंटाळल्या. "अकरा वर्षांचा अनुभव सांगता, आणि जागा शोधायला एवढा वेळ?"

"म्हणूनच, मॅडम," रेजिना म्हणाली.

ती पास झाली. पहिली नाही, दुसरी नाही, बरीच खाली; पण पास. पुढे नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आला, तो ॲलिस्टरने दोनदा मोठ्याने वाचला. त्याच आठवड्यात यशोदाकाकीचा फोन आला.

"तो आधार बोललेलीस, तो कुठं मिलतो?"

रेजिनाने तिला दवाखान्यात नेलं, माप दिलं, दहा दिवसांनी आधार घेऊन दोघी रिक्षाने परत निघाल्या. चांदीपच्या अलीकडे काकी म्हणाली, "केयूर तक्रार करायची बोलतो. कागद माझ्याकडंच हाय. मी अजून ठरवलं नाय."

"तुम्ही ठरवाल ते," रेजिना म्हणाली.

गावात शिरल्यावर काकीने घराच्या आधीच रिक्षा थांबवली. समोर विटांचं घर होतं, धाकट्या जावेचं. काकी उतरली, क्षणभर उभी राहिली, मग नव्या पावलाने एकेक पायरी चढली. दारात एक तरुण मुलगी आली. तिने काकीला ओळखलं, एकदा तिच्या पायाकडे पाहिलं. मग बाजूला सरून तिने वाट दिली.

आत भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. काकी त्याच्यासमोर भिंतीला धरून, आधार लावलेला पाय लांब करून, हळूहळू खाली बसली.

रेजिना अंगणात उभी होती. आत जायचा तिला अधिकार नव्हता आणि निघून जाण्याचाही नव्हता. तिने रिक्षावाल्याला हाताने थांबायची खूण केली.