चारशे मार्क बोलण्याचे

कलेक्टर व्हायच्या परीक्षेत नुसत्या बोलण्याला चारशे मार्क असतात हे कळलं, तेव्हा गोदावरीच्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली.

"नुसत्या बोलण्याला?"

"नुसत्या बोलण्याला," सुचित्रा म्हणाली. "समोर पाच-सहा माणसं बसतात, विचारतात, आपण उत्तरं द्यायची."

"आणि निबंधाला किती म्हणालीस?"

"दीडशे."

गोदावरीला हसूच आलं. चौलच्या त्या घरात बाई बोलली की मार्क कापले जायचे, आणि दिल्लीचं सरकार बोलण्याचे मार्क देत होतं, तेही निबंधाच्या दुपटीहून जास्त! लेकीनं सगळी परीक्षा तिला समजावून दिली होती. निबंध, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे तीन पेपर सगळ्यांना सारखे. मग आपल्या पसंतीचे तीन विषय. सुचित्रानं इतिहास, अर्थशास्त्र आणि संस्कृत घेतले होते. कलेक्टर व्हायचं असेल तर त्यावर आणखी दोन अवघड पेपर. आणि शेवटी ती मुलाखत. तिच्यात ठरावीक मार्कांच्या खाली गेलात, तर लेखी परीक्षेत कितीही दिवे लावलेले असोत, नापास.

गोदावरी चौथीपर्यंत शिकलेली. पण मागच्या पडवीत सुपारी सोलता सोलता तिनं लेकीकडून सगळा अभ्यासक्रम ऐकला होता. सुचित्रा मोठ्यानं वाचायची आणि ही मध्येच थांबवून म्हणायची, "हे नाही कळलं, पुन्हा सांग." पुन्हा सांगताना सुचित्रालाच ते जास्त कळायचं.

हे सगळं मागच्या पडवीतच. पुढची ओटी थोरल्या दिरांची होती. दादा म्हणत त्यांना सारं गाव. माणूस वाईट नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. वाईट असता तर भांडणं सोपं गेलं असतं. सुचित्रा पाच वर्षांची असताना गोदावरीचा नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हापासून दादांनी नारळी-पोफळीची सगळी वाडी एकहाती राखली, भावाच्या बायकोला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी कमी पडू दिली नाहीत, पुतणीला मुंबईत कॉलेजात शिकवलं. बदल्यात त्यांना फक्त एवढंच हवं होतं की त्यांच्यासमोर कुणी बोलू नये. गोदावरी बोललीही नाही. काही सांगायचंच झालं तर ती दाराआडून जावेला सांगे, आणि जाऊ दादांना सांगे. अठरा वर्षं त्या घराचा कारभार तिनं दाराआडून ऐकला. दारामागे उभं राहणाऱ्या माणसाला घरातलं जेवढं कळतं तेवढं ओटीवरच्या माणसाला कधी कळत नाही.

पुतणी परीक्षेला बसते म्हणाली तेव्हा दादांनी नुसता हात उडवला. अलिबागच्या शाळेत मास्तरीण होती, स्वतःच्या पगारातून फी भरत होती. "बसू दे. हौस फिटेल." पण पंचावन्न सालच्या माघात दिल्लीहून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि दादांच्या लक्षात आलं की पोरगी खरंच लेखी परीक्षा पास झाली आहे. त्यांनी परीक्षेच्या नियमांचं पुस्तक मागवून घेतलं, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचलंस?"

"वाचलंय," सुचित्रा म्हणाली.

"मग घरात सर्वांना कळू दे. लग्न झालेल्या बाईला या नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. आणि नोकरीत असताना लग्न केलं, तर सरकार राजीनामा मागू शकेल." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे जन्मभर बिनलग्नाची राहायचं. असली नोकरी आपल्या घरात नको."

आठ दिवसांत त्यांनी स्थळ आणलं. मुलगा शरच्चंद्र, मुंबईत बँकेत, नागावला घर आणि वाडी. फाल्गुनात लग्न, त्याआधी साखरपुडा, आणि दिल्लीचं नाव काढायचं नाही, अशी त्या मंडळींची अट. दादांना ती अट अटच वाटली नाही.

सुचित्रानं स्पष्ट नाही म्हटलं. मग दादांनी आवाज न चढवता सांगितलं, "तुझ्या आईला या घरानं अठरा वर्षं सांभाळलं. उद्या तू दिल्लीला, आणि तिनं कुणाच्या जिवावर राहायचं? माझ्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाजवळ पोफळींना पाणी लावताना सुचित्रा म्हणाली, "आई, मी बसते पाटावर. मुलगा वाईट नाही दिसत."

"का गं एकदम?"

"असंच."

असंच काय, ते गोदावरीनं दाराआडून शब्द न शब्द ऐकलं होतं. पोरीच्या मानेवर दादांनी सुरी ठेवली नव्हती, आईला ठेवलं होतं. आपण कुणाच्या तरी जिवावर जगतो हे तिला अठरा वर्षं ठाऊक होतं. पण आता आपल्या जिवावर लेकीचा जन्म वाया जाणार हे नवीन होतं, आणि ते काही केल्या गिळवेना.

साखरपुड्याच्या दिवशी ओटीवर जाजम अंथरलं, रांगोळी घातली. जावेनं गोदावरीला स्वयंपाकघरात गाठलं आणि नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं, "गोदावरी, कुंकू लावून होईपर्यंत पुढे येऊ नको हो. उगाच त्या मंडळींच्या मनात काही यायला नको."

हे 'उगाच' गोदावरीच्या ओळखीचं होतं. बारसं असो, मुंज असो, हळदीकुंकू असो, हे 'उगाच' तिला आत बसवायला हजर असे. विधवा बाई शुभकार्यात समोर आली की अपशकुन, म्हणून कुणी कधी तिला चल म्हणालं नाही. नारळ तिनं खवायचे, करंज्या तिनं तळायच्या, आणि लेकीच्या साखरपुड्यात तिनंच दिसायचं नाही. तिनं मान हलवली आणि कढई चुलीवर ठेवली.

नागावची मंडळी आली. चहा झाला, करंज्यांचं कौतुक झालं. कुणी केल्या ते कुणी विचारलं नाही. मग मुलाचे वडील बापूसाहेब म्हणाले, "ते दिल्लीचं रद्द केलं ना?"

"केलंच समजा," दादा म्हणाले.

गोदावरी दाराआड येऊन उभी राहिली. समोर पाटावर तिची लेक बसली होती. हिंदुस्थानाच्या इतिहासावर तासन्‌तास बोलणारी, आईच्या शंकेला तीन-तीन उत्तरं देणारी, जिला येत्या आठवड्यात चारशे मार्कांचं बोलायचं होतं, ती खाली मान घालून बसली होती, आणि तिच्याबद्दल चाललेल्या बोलण्यात तिचा एक शब्द नव्हता. अगदी आपल्यासारखी, गोदावरीला वाटलं. हुबेहूब आपल्यासारखी. आणि तिला असा संताप आला की डोळ्यांपुढे लाल झालं.

मुलाच्या आईनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं.

गोदावरीनं उंबरा ओलांडला. घाईनं नाही; पाणी द्यायला यावं तशी आली. चुलीपुढची, पदर खोचलेली, मोकळ्या कपाळाची. जाजमावरून सरळ चालत गेली आणि लेकीच्या पाटाला लागून खाली बसली, खांद्याला खांदा लावून.

मुलाच्या आईचं बोट हवेत राहिलं. "अगंबाई!"

"गोदावरी," दादा म्हणाले, "आत जा."

"भावोजी, मला बोलायचंय."

दादांनी चमकून वर पाहिलं. अठरा वर्षांत तो आवाज त्यांनी दाराच्या या बाजूला ऐकलाच नव्हता.

"मुलगी दिल्लीला जाणार आहे," गोदावरी म्हणाली. "लेखी परीक्षा तिनं तिच्या अकलेवर दिली. पुढचीही देईल. नंतर लग्न करायचं की नाही, आणि कुणाशी, ते तीच सांगेल. माझ्यापायी ती पाटावर बसली आहे, मला माहीत आहे. माझ्यापायीच उठेल. मी कुणाच्या जिवावर राहत नाही. या वाडीचं शिपणं, सोलणं, रांधणं अठरा वर्षं मी केलंय." मग तिनं मुलाच्या आईकडे वळून पाहिलं. "आणि तुम्हांला फारच घाई असेल, तर ही मी इथे बसले आहे. माझ्या कपाळाकडे बघून हिला कुंकू लावायची छाती असेल, तर लावा."

छाती कुणाची होणार? बोटावरचं कुंकू त्या बाईनं पुन्हा करंड्यात झटकलं. बापूसाहेब उठले. भरल्या कार्यात अपशकुन झाला, आता थांबण्यात अर्थ नाही, असं काहीतरी पुटपुटत मंडळी अंगण उतरली. जाताना साखरेचा पुडाही उचलून नेला. शरच्चंद्र पायरीवर थांबून एकदा मागं वळला. त्याला काही म्हणायचं होतं की काय, कोण जाणे. बोलण्याचे मार्क असतात हे त्याला कुणी शिकवलं नसावं. तोही गेला.

ज्या कपाळापायी तिला अठरा वर्षं आत बसवलं होतं, त्याच कपाळानं तिनं भरली ओटी रिकामी केली होती. अंगणात वाडीवर काम करणारी जनी खराटा धरून उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बरा केलास गो बाय!" दादांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं खराटा टाकला. पण शब्द काही मागं घेतला नाही.

दादांनी गोदावरीला घराबाहेर काढलं नाही. बोलणं टाकलं. पूर्वी ती त्यांच्याशी बोलत नसे, आता ते तिच्याशी बोलत नव्हते. तिला फारसा फरक जाणवला नाही. चौल-रेवदंड्यात मात्र महिनाभर दुसरा विषय नव्हता. आईनंच पोरीचं वाटोळं केलं, असं बायका देवळाच्या पायऱ्यांवर म्हणत, आणि गोदावरी त्याच पायऱ्यांवरून मान वर करून जाई.

सुचित्रा सदूमामाला सोबत घेऊन दिल्लीला गेली आणि पंधरवड्यानं परत आली. एसटीतून उतरून घरी पोचते तो आई ओटीवर बसलेली. मागच्या पडवीत नाही, ओटीवर. अडकित्ता आणि सुपारीचं सूपही तिथेच.

"काय विचारलं?" पाणी दिल्याबरोबर गोदावरी म्हणाली.

"चौलच्या जुन्या बंदराचं विचारलं. सुपारीच्या बाजाराचं विचारलं, जमीनसुधारणांचं विचारलं. सगळं आलं." सुचित्रानं पाय पुसले. "मग एक पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही आज ना उद्या लग्न करणार. नियम तुम्हांला माहीत आहे. मग सरकारनं तुमच्या शिक्षणावर खर्च का करावा?"

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या आईला नवरा नाही, म्हणून तिला घराच्या ओटीवर यायची बंदी. मला नवरा झाला, तर कचेरीत यायची बंदी. आम्हांला काय येतं नि आम्ही काय करतो, हे तुम्ही कधी विचारणार?"

गोदावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "मग काय म्हणाले?"

"एकजण हसले. बाकीचे नाही हसले. मधले म्हणाले, थँक्यू."

वैशाखात निकाल आला. पोस्टमननं पाकीट दादांच्या हातात दिलं, आणि दादांनी बऱ्याच महिन्यांनी तोंड उघडलं. ओटीवर उभं राहून त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. लेखी पेपरांत मार्क भरघोस होते, संस्कृतात तर सगळ्यांत जास्त. मुलाखतीत मात्र पास व्हायला लागतात त्याच्या खूपच खाली. निकाल, नापास.

"झालं समाधान?" दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे गोदावरीनं नंतरही कबूल केलं. खरं तर त्यांनाही वाईट वाटलं होतं. "स्थळ गेलं, परीक्षा गेली. चार शब्द जपून बोलली असतीस, तर आज कलेक्टर असतीस, सुचित्रा. कसं बोलावं याचं तरी तुझ्या आईनं..." आणि ते थांबले. कारण गोदावरी उंबरा ओलांडून येऊन पाटावर बसली होती, त्याच पाटावर.

सुचित्राचा चेहरा उतरलेला होता. तिनं तो कागद दादांकडून घेतला आणि मुलाखतीच्या मार्कांवर अंगठा ठेवला.

"परीक्षेच्या वयाची मुदत किती शिल्लक आहे?" गोदावरीनं विचारलं.

"एकदाच बसता येईल अजून."

"मग बस."

"आई, पेपरांचं काही नाही गं. पण ते पुन्हा तेच विचारतील."

"विचारू देत."

"मग मी काय सांगू?"

अंगणात जनीचा खराटा थांबला. दादा खांबाला टेकून उभे होते, आणि पहिल्यांदाच, काय उत्तर येतं ते ऐकायला. गोदावरीनं अडकित्ता उचलला, सुपारी धरली आणि कट्टकन फोडली.

"तेच सांग," ती म्हणाली. "फक्त आवाज जरा मोठा ठेव."