उजव्या खुर्चीशेजारची पेटी

मी एक जुनी चामड्याची पेटी आहे. वैमानिकाच्या खुर्चीशेजारी एक अरुंद जागा असते, तिच्यात बरोबर मावेन अशा मापाने एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. नकाशे आणि विमानतळांच्या तक्त्यांचे ओझे वाहणे हे माझे काम. ज्यांनी मला विकत घेतले ते तेव्हा चोवीस वर्षांचे होते. आज सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

मित्रांनो, विमानाच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे सहवैमानिक. विमान दोघांनाही चालवता येते, पण शेवटचा शब्द डाव्या खुर्चीचा. उजवीकडून डावीकडे जायचे अंतर दीड हात असेल. ते ओलांडायला माझ्या काकांना वीस वर्षे लागली.

त्या काळी कंपनीत एक यादी असे. नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे त्यात नावे लावलेली असत. वरचा कुणी निवृत्त झाला तरच खालचा एक पायरी वर सरके. काकांना घरच्यांचे वाढदिवस आठवत नसत, पण वरच्या चाळीस कॅप्टनांच्या जन्मतारखा तोंडपाठ होत्या. काकू म्हणत, "एवढ्या आस्थेनं त्यांचं वय मोजता, तर शुभेच्छा तरी पाठवत जा!"

दर पंधरा दिवसांनी नव्या तक्त्यांचे पाकीट येई. मग जेवणाच्या टेबलावर माझे पोट रिकामे होई. काकू जुनी पाने काढत आणि काका नवी लावत. एकही पान चुकलेले मला आठवत नाही. काकांचा स्वभावच तसा होता, नेमका आणि अबोल.

नोकरीच्या अकराव्या वर्षी जे झाले ते सांगायला मला आजही जड जाते. त्या दिवशी कॅप्टन होते ते कंपनीतले ज्येष्ठ. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत आणि त्यांच्यासमोर घसा खाकरायलाही घाबरत. पाऊस होता. विमान धावपट्टीजवळ आले तेव्हा ते असायला हवे त्यापेक्षा उंच होते आणि वेगही जास्त होता. अशा वेळी विमान परत वर घ्यायचे आणि पुन्हा नीट उतरायचे, असा नियम आहे. काकांचा उजवा हात खाली आला आणि त्याने माझी मूठ घट्ट धरली.

"सर, जरा…" काका म्हणाले.

"मला शिकवू नकोस," मोठे साहेब म्हणाले.

काका गप्प बसले. विमान उतरले, पण धावपट्टी संपली तरी थांबले नाही. ते पलीकडच्या चिखलात जाऊन रुतले. प्रवासी सगळे वाचले. मागे बसलेली एक एअर होस्टेस मात्र पाठीवर अशी आपटली की तिला पुन्हा कधीच विमानात काम करता आले नाही.

चौकशीत काकांना विचारले, "तुम्हाला दिसत होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्या काळी उजव्या खुर्चीने डाव्या खुर्चीला काही सांगण्याची पद्धतच नव्हती, असे काका म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. मोठे साहेब त्याच वर्षी निवृत्त झाले. काकांची पाळी तीन वर्षे मागे पडली. त्यांना त्याचे दुःख नव्हते. एकदा ते त्या एअर होस्टेसला भेटायला इस्पितळात गेले. खोलीच्या दाराशी त्यांनी मला खाली ठेवले, बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि मला उचलून परत फिरले.

शेवटी चव्वेचाळिसाव्या वर्षी ते कॅप्टन झाले. खांद्यावर चौथी सोनेरी पट्टी चढली आणि मी डावीकडच्या जागेत जाऊन बसले. तिथून दिसणारे आकाश तेच होते, पण काकांची पाठ ताठ झाली होती. ते दिवस चांगले होते. फार थोडे होते, एवढेच.

पाच वर्षांनी कंपनी बंद पडली. विमाने एका रांगेत उभी राहिली आणि मी कपाटावर गेले. वर्षभराने काकांना दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. तिथेही यादी होती आणि पन्नाशीच्या काकांचे नाव तिच्यात सगळ्यात खाली होते. पुन्हा तीन पट्ट्या, पुन्हा उजवी खुर्ची. पहिल्या दिवशी गणवेशाला काकूंनी इस्त्री केली. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली.

ही कंपनी झपाट्याने वाढत होती. महिन्याला नवे विमान येई, प्रत्येकाला कॅप्टन लागे, आणि काकांच्या मुलीच्या वयाची पोरे पाच-सहा वर्षांत डावीकडे जाऊन बसत. माझ्या पोटातली सगळी पाने आता एका पातळ पाटीत, म्हणजे टॅबलेटमध्ये, मावली होती. आता माझ्यात काकांचा चष्मा, स्वेटर आणि डबा असे. "काका, पेटीत बिऱ्हाड घेऊन हिंडता का?" असे पोरे विचारत. काका हसत. मीही मनावर घेत नसे.

त्या पोरांमध्ये एक मुलगी होती. बांधा लहान म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. एकोणतिसाव्या वर्षी ती कॅप्टन झाली. काका मात्र तिला आदराने कॅप्टनच म्हणत. ती संकोचून म्हणे, "अहो काका, मी तुमच्यापुढे कोण?" काका म्हणत, "डावीकडे बसलेली माणसं कॅप्टनच असतात."

एका दुपारी दोघे बरोबर होते. आडवा वारा सुटला होता. चिमणी विमान खाली आणत होती आणि तिचे सगळे लक्ष वाऱ्यात गुंतले होते. विमान उंच होते. वेग जास्त होता. काकांचा हात खाली आला आणि माझ्या मुठीवर घट्ट झाला. मी मनात म्हटले, बोला, काका, आता तरी बोला. काका बोलले नाहीत.

धावपट्टी अगदी जवळ आल्यावर चिमणीला स्वतःलाच कळले. तिने विमान परत वर घेतले. दुसऱ्या खेपेला ते अलगद उतरले. प्रवासी उतरून गेले, तरी ती जागची उठली नाही.

"काका, तुम्हाला दिसत होतं ना?"

तोच प्रश्न, बावीस वर्षांनी.

"हो," काका म्हणाले. मग त्यांनी पावसाची, चिखलाची आणि इस्पितळाच्या दाराची गोष्ट सांगितली. त्या दाराची गोष्ट काकूंखेरीज कुणालाच माहीत नव्हती. ऐकताना चिमणीचे डोळे भरून आले, पण तिचा आवाज मऊ झाला नाही.

"लोक म्हणतात, हिचं नशीब उघडलं, पाच वर्षांत कॅप्टन झाली. खरंय ते. पण तुम्ही वीस वर्षं बघून बघून जे शिकलात, ते मला कुणी शिकवलं नाही. वेळच नव्हता कुणाला. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत आहे, म्हणून मी निर्धास्त असते. आणि तुम्हीच गप्प बसता? मला भीती वाटली, काका. वाऱ्याची नाही, तुमच्या गप्प बसण्याची."

काकांनी मान खाली घातली.

झाल्या प्रसंगाचा अहवाल लिहायचा होता. चिमणीने लिहायला घेतले आणि थांबली. पुढच्याच महिन्यात काकांची कॅप्टनपदाची परीक्षा होती. मध्ये दोन वर्षे बढत्या थांबल्या होत्या, म्हणून सात वर्षांनी पाळी आली होती. "मी फक्त माझी चूक लिहिते," ती हळूच म्हणाली. "तुमचं काही लिहायला नको."

"नको," काका म्हणाले. "तेव्हा बोललो नाही, आत्ताही बोललो नाही. निदान लिहितो तरी. द्या इकडे."

काय दिसले, केव्हा दिसले आणि आपण बोललो नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून सही केली.

संध्याकाळी काकूंनी विचारले, "परीक्षा पुढच्या महिन्यातच ना?"

"पुढे जाईल. कदाचित होणारही नाही."

"का?"

"खरं ते लिहून आलो."

काकूंनी हातातले काम बाजूला ठेवले आणि समोर बसल्या. "काय लिहिलंत ते वाचून दाखवा."

काकांनी माझ्यातून अहवालाची प्रत काढली आणि ते वाचू लागले. 'मी बोललो नाही' या शब्दांशी ते थांबले. काकू शांतपणे म्हणाल्या, "पुढे?"

परीक्षा एक वर्ष लांबली. त्या वर्षात कंपनीने ठरवले की अठ्ठावन्नच्या पुढच्या कुणालाही कॅप्टनपदाचे प्रशिक्षण द्यायचे नाही. काका नेमके अठ्ठावन्न पूर्ण करून बसले होते. चिमणी तोवर मोठ्या विमानाची कॅप्टन झाली. काकांना वाईट वाटले का? वाटले. अनेक दिवस ते माझी कुलपे उगाच उघडत आणि लावत बसत. पण उरलेली वर्षे ते उजव्या खुर्चीतून बोलले. एकदा तर इतके बोलले की तरुण कॅप्टन म्हणाला, "काका, मध्ये श्वास तरी घ्या!" साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले, उजव्याच खुर्चीतून.

मित्रांनो, कुणी वीस वर्षांनी वर जातो, कुणी पाच वर्षांनी. कोण कुठल्या काळात जन्मला, यावरही ते ठरते. हळू गेलेल्याला तुच्छ मानू नका आणि लवकर गेलेल्याचा हेवा करू नका. मात्र शेजारच्या माणसाची काळजी घ्या. तो मोठा असला तरी त्याला सांगा, लहान असला तरी त्याचे ऐका. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येते.

आता आठवड्यातून दोनदा काका नव्या वैमानिकांना शिकवायला जातात. मला टेबलावर ठेवतात, दोन लाकडी खुर्च्या शेजारी मांडतात आणि स्वतः डावीकडे बसून मुद्दाम चुका करतात. उजवीकडे बसणाऱ्याने त्यांना थांबवायचे. काल एक मुलगी बसली होती, वर्गातली सगळ्यात लहान. काकांनी चूक केली. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं नाही," काका म्हणाले.

"सर, वेग… थोडा…"

"ऐकू आलं नाही."

"वेग जास्त आहे! विमान वर घ्या!" ती इतक्या जोरात ओरडली की सगळा वर्ग दचकला, आणि मग तीच घाबरून काकांकडे बघू लागली.

काकांनी डोळे मिटले. क्षणभराने उघडले.

"घेतलं," ते म्हणाले. "थँक यू."