नऊ चाळीसचा मिस कॉल

रक्षाने मला तिच्या टेबलाशी बोलावलं तेव्हा गुरुवारची दुपार होती आणि मी पेपरातलं कोडं सोडवत होतो. रक्षा माझी सून. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगांचा हिशोब ठेवणाऱ्या एका कंपनीत ती आहे आणि हिंगणघाटच्या आमच्या घरूनच काम करते.

"बाबा, हे पाहा जरा. मले वेड लागून राह्यलं का ते सांगा."

माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. तिच्या कामातलं मला जे कळलंसं वाटतं ते बहुधा चुकीचं असतं. एवढं समजलं होतं की कंपनीचे संगणक कंपनीत नाहीत. काही मुंबईच्या एका क्लाउडवर, काही हैदराबादच्या दुसऱ्यावर. तेही खरे संगणक नव्हेत. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अशी कितीतरी चालतात, हात लावता येत नाही अशी. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. रक्षा त्यांची यादी सांभाळते. ज्याच्यापुढे मालकाचं नाव नाही ते बंद करायचं आणि कोण ओरडतं ते पाहायचं, ही त्यांची रीत. कोणीच ओरडलं नाही तर ते कायमचं पुसून टाकायचं.

"हे 'जाम' नावाचं. मंगळवारी मुंबईवालं बंद केलं, कोणी ओरडलं नाई. पण दहा मिनिटांत पुन्हा सुरू. हैदराबादलेही एक 'जाम' आहे. एक पडलं की दुसरं त्याले उठवते. त्याचा पासवर्ड कोणापाशी नाई. तुमच्या ग्रंथालयात पाहिजे ते पुस्तक सापडे नाई, अन् इथं नको ते जाईना."

एरवी मी हसलो असतो. मशीनांना नागपूरच्या रस्त्यावरच्या गावांची नावं नागसेन द्यायचा. नागसेन माझा मुलगा. याच कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात तो रोज मोटरसायकलने जायचा. दीड वर्षापूर्वी तसंच जाताना जामच्या चौकात त्याला ट्रकने उडवलं. त्याचं काम आता रक्षाकडे आहे.

"करते काय ते?" मी विचारलं.

"रविवार सोडून रोज सकाळी नऊ चाळीसला एका नंबरवर फोन लावते. दोन रिंग, अन् कट." तिने माझ्याकडे पाहिलं. "नंबर तुमचा आहे, बाबा."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

पोचलास की मिस कॉल दे, असं मी नागसेनला शाळेपासून सांगत आलो होतो. दोन रिंग म्हणजे पोचलो. उचलायचा नाही. लग्नानंतर तो एकदा विसरला तेव्हा मी थेट त्याच्या साहेबांना फोन केला होता. तो चिडला, मग आठवड्याने म्हणाला, "आता ऑफिसच्या नंबरवरून देत जाईन. चुकणार नाई." खरंच कधी चुकला नाही.

अपघाताच्या दिवशीही नाही. दहाला रक्षाने माहेरून विचारलं, "त्यायचा फोन लागून नाई राह्यला. पोचले का?" मी म्हणालो, "पोचला, मिस कॉल आला ना." मग कोणी शोधलं नाही. दवाखान्यात तो अनोळखी म्हणून पडून होता, आणि अकरापर्यंत जिवंत होता.

मिस कॉल मात्र येत राहिला. मी फोनचा आवाज बंद करून तो रोज त्या वेळी हातात धरून बसायचो. कधी उचलला नाही.

हे मी रक्षाला तेव्हा प्रथम सांगितलं.

"काऊन नाई सांगितलं?"

"तू मले पागल म्हटलं असतं."

"तुम्ही म्हटलं पोचले," ती म्हणाली, "अन् मी पोळ्या लाटाले बसली." मग स्क्रीनकडे वळून म्हणाली, "यादी उद्या द्यायची आहे. मालक म्हणून तुमचं नाव टाकते. मग ते चालू राहीन."

"तो पोचला का नाई, हे त्या मशीनले समजत होतं का?"

"नाई, बाबा. त्याले फक्त घड्याळ समजते."

"मग बंद कर."

तिने नागसेनचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "दोन्ही एकदम पाडा लागते. मी दोन हातांनी दाबू शकते. पण मले एकटीनं नाई दाबायचं. तीन म्हटलं की दाबजा."

तिने तीन म्हटलं. माझं बोट हललं नाही. तिने पाडलेलं मशीन माझ्या मशीनने थोड्या वेळात उठवलं. तिने पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा एकपासून मोजलं.

या वेळी मी दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. रक्षा येऊन शेजारी बसली. नऊ चाळीस झाले. मग एकेचाळीस.

"नागसेन पोचला नाई," मी म्हणालो.

"हो, बाबा."

चहा तसाच राहिला. दहा वाजता तिने लॅपटॉप उघडून यादी काढली. मीही तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. 'जाम' कुठे पुन्हा उठलं आहे का, हे ती आधी मुंबईत पाहत होती, मग हैदराबादेत, मग पुन्हा मुंबईत. थांब, असं मी तिला म्हटलं नाही.