मागची फळी

"या वर्षी मागच्या फळीवर मी बसणार," रायली म्हणाली आणि तिनं होडीत आणखी एक धोंडा ठेवला.

तिचा नवरा ताइस्तो गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीची दुसरी कड दाबत होता. हिवाळाभर शेडमध्ये पडून लाकडी होडीच्या फळ्या आक्रसतात, त्यांच्यात फटी पडतात. म्हणून वसंतात तिला डांबर पाजायचं, ते सुकलं की धोंडे घालून चार दिवस काठाशी बुडवून ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. होडी तरावी म्हणून आधी ती बुडवायची, यात या तळ्याकाठच्या गावात कुणाला नवल वाटत नाही.

"मागं तू? आणि वल्ही कोण मारणार?"

"तू."

"अगं, गळ सांभाळणं म्हणजे शाळेतलं वाटाण्याचं सूप ढवळणं नव्हे."

"आणि वल्ही मारणं म्हणजे रस्त्यावरचा बर्फ सारणं नव्हे. बघू की."

ताइस्तो हसला. गंमत करत असेल, असं त्याला वाटलं. पण रायली गंमत करत नव्हती.

जूनमधल्या गावच्या स्पर्धेचा नियम साधा होता. एका होडीत दोघं. एकानं वल्ही मारायची, दुसऱ्यानं मागं बसून गळाच्या काठ्या धरायच्या आणि दोराला बांधलेला लाकडाचा नकली मासा होडीमागून ओढत न्यायचा. हाउकी, म्हणजे लांब तोंडाचा तो दातेरी दांडगा मासा, लागला तर तो काठी धरणाऱ्याच्या नावावर. बत्तीस वर्षं ताइस्तो मागं बसला होता आणि बत्तीस वर्षं रायलीनं वल्ही मारली होती. ताइस्तोचं नाव तीनदा पहिलं आलं होतं. वल्ही मारणाऱ्याचं नाव लिहायला वहीत रकानाच नव्हता.

नुकताच, मे महिन्यात, शाळेनं रायलीला निरोप दिला होता. तिथल्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं राबून तिनं गावाच्या दोन पिढ्या जेवू घातल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाई भाषणात कौतुकानं म्हणाल्या, "आपल्या रायलीबाई, आपल्या हाउकीवाल्या ताइस्तोच्या पत्नी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रायलीनंही वाजवल्या. घरी येताना मात्र तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. मासा दोर ओढतो तेव्हा हाताला कसं वाटतं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. एकदा, फक्त एकदा, ते तिला हवं होतं.

स्पर्धेच्या सकाळी होडी थेंबभरही गळत नव्हती. आभाळ स्वच्छ, ऊन चांगलं तापलेलं. रायली थर्मास, काळा पाव आणि आपलं मेंढीचं जुनं कातडं घेऊन थेट मागच्या फळीवर जाऊन बसली. ताइस्तो जरा घुटमळला, मग मधल्या फळीवर बसला आणि त्यानं वल्ही उचलली.

आयुष्यभर बर्फ सारायची गाडी चालवलेला माणूस तो. नाकासमोर, दणकून, सरळ. नकली मासा पाण्यावर उड्या मारत मागून येऊ लागला. घाम पुसायला ताइस्तो थांबला की तोच मासा तळाशी जाऊन धोंड्यात अडकायचा. सकाळभरात तीनदा तळ लागला, दोनदा गवत आलं आणि मासळीचं खवलंही दिसलं नाही. शेजारचा ओस्मो बाजूनं जाताना ओरडून गेला, "काय ताइस्तो, रस्ता मोकळा करतोयस होय?"

दुपारी ताइस्तोनं वल्ही आत ओढली. "पुरे झालं. हौस फिटली ना? ये इकडे, नेहमीसारखं बसू."

रायलीनं काठी सोडली नाही. तेवढ्यात ताइस्तो उठू लागला आणि उठलाच नाही. पुन्हा जोर लावला. त्याची विजार फळीला घट्ट चिकटली होती. उन्हानं डांबर पाघळलं होतं.

"हे काय झालं?"

"तू बसायच्या फळीलाही डांबर फासतोस," रायली म्हणाली. "दर वर्षी फासतोस. फक्त मागची तेवढी कोरी ठेवतोस."

"मग तू कशी बसायचीस?"

"हे कातडं घालून. तुला काय वाटलं, मी थंडी वाजते म्हणून आणते?"

ताइस्तोनं कातड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या विजारीकडे. रायलीला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसली आणि मग तोही हसायला लागला, कारण त्या अवस्थेत माणूस दुसरं करणार तरी काय.

"आता इथून हलता येत नाही म्हटल्यावर वल्ही मारणं आलंच," तो म्हणाला. "सांग, कसं मारू?"

"हळू. लव्हाळ्याच्या कडेनं ने, पण दोन वल्ह्यांएवढं अंतर सोडून. आता वळ. आतलं वल्हं थांबव आणि मनात चार मोज. हं, आता ओढ."

"थांबायचं कशाला?"

"नकली मासा खाली बसतो. मग दचकल्यासारखा पळायला लागतो. ते बघून हाउकीला राहवत नाही. तुझे सगळे वळणावरच लागलेत."

"सगळे?"

"एक सोडून. तो आंधळा असावा."

बत्तीस वर्षं ताइस्तो कट्ट्यावर आपल्या लाल-पिवळ्या लाकडी माशाचे गुण गात आला होता. आता तो मान खाली घालून मनात चार मोजत होता, शाळेतल्या मुलासारखा.

खडकापाशी तिसरं वळण घेतलं आणि काठी वाकली.

रायलीच्या हातातून खांद्यापर्यंत एक धक्का गेला. दोराच्या त्या टोकाला कुणीतरी जिवंत, रागावलेलं, तिच्याइतकंच हट्टी होतं. "ओढू नकोस, जाऊ दे त्याला," ताइस्तो म्हणाला आणि जाळी घ्यायला सवयीनं उसळला. फळीनं त्याला तिथंच धरलं. "रायली, तुलाच करावं लागणार."

"मग गप्प बस आणि होडी सरळ धर."

त्यानं धरली. ती दोर सोडत होती, गुंडाळत होती, पुन्हा सोडत होती. शेवटी डाव्या हातानं जाळी घालून तिनं हाउकी आत घेतला, तेव्हा ती स्वतः चिंब भिजली होती आणि गात होती. काय गात होती ते तिलाही नंतर आठवलं नाही.

धक्क्याला होडी लागली, तरी ताइस्तोची विजार फळी सोडीना. शेवटी ती तिथंच ठेवून, कमरेला रायलीचा रेनकोट गुंडाळून तो अख्ख्या गावासमोर वजनकाट्यापाशी आला. वही लिहिणाऱ्या हिल्काबाईंनी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला.

"पाच किलो तीनशे. ताइस्तो..." असं म्हणत त्या लिहू लागल्या.

"रायलीचा," ताइस्तो मोठ्यानं म्हणाला, मागच्या लोकांनाही ऐकू जावं असं. "मी नुसता नावाडी. आणि आधीचेही तिचेच होते, पण ते कुठं लिहायचं ते मला कळत नाही."

कुणी हसलं नाही. ओस्मोनंही टोपी काढली.

नंबर तिसरा आला. संध्याकाळी साउनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, बाहेर येऊन दोघं पायरीवर बसली. उन्हं अजून तळ्यावरच होती. ताइस्तोचे दोन्ही तळहात सोलून निघाले होते. फोड मोजता मोजता त्यानं रायलीचा हात ओढून आपल्या हातापाशी धरला. तिच्या बोटांच्या मुळाशी चार पिवळट, टणक घट्टे होते. त्यानं ते अंगठ्यानं चाचपले.

"हे कधी पडले?"

"दुसऱ्या उन्हाळ्यात."

मग त्यानं पाव घेतला, सोललेल्या बोटांनी त्यावर वाकडंतिकडं लोणी फासलं आणि पहिला तुकडा तिच्यापुढं धरला.