न धुतलेली तख्ती

आगरदांड्याच्या इक्बालनानांनी उभा जन्म कबरींवरची नावं लिहिण्यात घालवला. आसपास कुणी गेलं की दगड त्यांच्या पडवीत यायचा. नाना बोरूने त्यावर उर्दूत नाव लिहायचे आणि दिघीचा पाथरवट रघू अक्षरांवरून छिन्नी फिरवायचा. पण खुद्द त्यांच्या बायकोचा, फिरोजानानीचा दगड तेवढा कोराच पडून होता. काचबिंदूने नानांची नजर विझत चालली होती. नात मिस्बाह त्यांच्याकडे लिहायला शिकत होती. तिने नानीचं नाव लिहावं आणि नजर आहे तोवर आपण ते बघावं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं. दुसरं काही मागितलं असेल तर शपथ!

शिकायची रीत जुनी. लाकडी तख्तीला पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा, वाळला की लिहायचं आणि संध्याकाळी तख्ती धुऊन टाकायची. बरं आलेलं असो की भिकार, धुवायची म्हणजे धुवायची. उद्या परत.

"आज लिहितेस दगडावर?" नाना दर जुम्म्याला विचारायचे.

"अजून हात बसला न्हाय, नाना."

"मग वाकडं लिही. नानीनं कधी माझ्या अक्षराला नावं ठेवली न्हाईत, तुझ्या कशाला ठेवील?"

मिस्बाहला ते पटायचं नाही. मेंदीत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि कबरीवर कायमचं वाकडं अक्षर? छे!

रमजानच्या थोडं आधी एका दुपारी तख्तीवर 'फिरोजा' असं काही उतरलं की ती स्वतःच बघत राहिली. शेवटचं गोल अक्षर, 'हे', तर नानांच्या हातचं वाटावं असं. नानांनी नाक टेकवून तख्ती पाहिली.

"माशाल्लाह! आता धू."

"ही न्हाय धुणार. भिंतीला लावते. बघून बघून दगडावर उतरवीन."

"अगं वेडे, भिंतीवरचं काय कामाचं? हातात राहायला पायजे ते. जा, धू."

तिने ऐकलं नाही. खिळा ठोकला, तख्ती टांगली, वर मोबाइलमध्ये फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी नवी तख्ती घेऊन बसली, तर भिंतीवरच्यापुढे सगळंच फिकं. तिसऱ्या दिवशी तेच. चिडून तिने बोरू फेकला. मग परीक्षा आली, रोजे आले, ईद आली, मावसबहिणीचं लग्न आलं. न बसायला निमित्तांना काय तोटा! दुबईहून तबरेजमामा म्हणाला, फोटो पाठव, ग्रॅनाइटवर छापून देतो. नाना म्हणाले, "छापील नको. घरच्या हातचं पायजे." मनातून मिस्बाहला स्वतःचीच चीड येत होती, तरी ती लिहायला बसली नाही.

ऐन पावसाळ्यात एका सकाळी नानांनी बशीत चहा ओतला तो मांडीवर सांडला.

"लाइट गेलीय का गं?" त्यांनी विचारलं.

बाहेर लख्ख उजाडलं होतं.

धावत जाऊन मिस्बाहने खिळ्यावरून तख्ती काढली, तर खारी ओल खाऊन सुटलेले मातीचे पोपडे तिच्या पायावर पडले. 'फे' या पहिल्या अक्षराचा ठिपका तेवढा शिल्लक. मोबाइल समोर ठेवून ती दगडाशी बसली. फोटो होता तसाच होता, हातच तो राहिला नव्हता. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. नाना शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

"कसं आलंय?"

"चांगलं आलंय, नाना," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार होती?

रघू फेरीबोटीने आला आणि अक्षरं कोरून गेला. मग नाना चाचपडत पुढे झाले. त्यांचं बोट खाचांतून सावकाश सरकलं, शेवटच्या 'हे'पाशी अडलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरलं.

"मिस्बाह, हे तर तुझं पहिल्या महिन्यातलं अक्षर हाय."

तिला रडू आवरेना.

"रडू नको. वाईट न्हाय ते," बोट तिथेच ठेवून नाना म्हणाले. "तेव्हाच लिहिलं असतंस, तर मी बघितलं असतं गं."