घंटी आधी, बिगूल नंतर

नवे फादर आले तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी त्यांनी आमच्या बाबांच्या बिगुलाला हात घातला.

बाबा पलटणीतले बिगूलवाले. निवृत्त होऊन एकतीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून बिगूलमास्तरच म्हणतात. लढाईत गेलेल्या जवानांसाठी आमच्या चर्चमध्ये दरवर्षी मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, होते. माजी सैनिक गणवेशात येतात. चौघे जण बंदुका घेऊन वेदीच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, झेंडा मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत येतो. फादर भाकर दोन्ही हातांनी वर उचलतात, त्या क्षणी ख्रिस्त स्वतः तिथे येतो अशी आमची श्रद्धा. नेमक्या त्याच क्षणी बंदुका सलामीला उभ्या होतात आणि बाबा वेदीजवळून बिगूल फुंकतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात. माझ्या अंगावर दरवर्षी काटा येतो, आणि खरं सांगते, तो बाबांच्या अभिमानाने येतो.

वेदीचं सगळं मी बघते. वस्त्रं धुणं, इस्त्री, फुलं, मेणबत्त्या. भाकर वर गेली की पायरीवर गुडघे टेकून पितळी घंटी तीनदा वाजवायची, हेही काम माझंच. जवानांच्या मिस्सेला ती बिचारी बिगुलाखाली चेपून जाते. एका वर्षी गडबडीत मी घंटी मागच्या खोलीतच विसरले आणि वाजवलीच नाही. कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. मीही तोंडातून ब्र काढला नाही.

तर फादर. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. मी मागच्या खोलीत वेदीच्या कापडाला इस्त्री करत होते तेव्हा दारात येऊन म्हणाले, "यंदा झेंडा दाराशी राहील. बंदुका आत नकोत. बिगूलही नको."

"का? जवान देवाचे कुणी नव्हेत?"

"आहेत. म्हणून तर मिस्सा आहे. पण बाई, ज्या ख्रिस्ताने शिष्याला तलवार म्यान करायला सांगितलं, त्याच्यासमोर बंदूक धरून उभं राहायचं? त्या क्षणाला गुडघे टेकायचे असतात. आणि समोरच्या बाजूने जे मेले, त्यांच्यासाठीही मी इथे प्रार्थना करतो. त्यांच्यातल्या एखाद्याची आई आत आली तर तिने कुठे बघायचं?"

"ती कशाला येतेय इथे?" मी फाडकन म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, आईवर गेलेली. "आमचे बाबा ब्याऐंशीचे आहेत. ते लढाईसाठी नाही वाजवत फादर, एका खंदकात गेलेल्या सहा मित्रांसाठी वाजवतात. वर्षातला तेवढा एक दिवस त्यांचा. पुढच्या वर्षी छातीत दम असेल-नसेल. तुमचं तत्त्व काय, ते पुढच्या वर्षीही इथेच असेल."

खोलीत करपल्याचा वास आला. भांडताना इस्त्री कापडावरच राहिली होती आणि मधोमध पिवळा त्रिकोण उठला होता.

"डाग पडला," फादर हळूच म्हणाले.

"पडू दे," मी म्हटलं. मग रात्रभर लिंबू आणि मीठ लावून तो मलाच काढावा लागला.

माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, ते दोन दिवस आकाशपाताळ एक करत होते. मिस्सेवर बहिष्कार टाकू म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने विचारलं, म्हणजे मेलेल्यांवरच बहिष्कार का? तेव्हा ते थंड झाले.

बाबा मात्र नुसते सराव करत होते. त्यांनी नुकतीच कवळी बसवून घेतली होती आणि फुंकलं की वरचे दात सुटून खाली यायचे. आई म्हणायची, "दात नवे, खोड जुनी." बाबा कवळी दाबून बसवायचे आणि पुन्हा फुंकायचे. शेजारच्या कुत्र्याने आमच्याशी संबंध तोडले होते.

अशाच एका संध्याकाळी फादर घरी आले. कवळी, बिगूल, बाबांचे भरून आलेले डोळे, सगळं त्यांनी दारातूनच पाहिलं असावं. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बाहेरच्या पायरीवरून वाजवाल? दार सताड उघडं ठेवू. फक्त घंटी आधी. घंटी थांबली की मग तुम्ही."

"म्हणजे मला बाहेर काढलं," बाबा म्हणाले.

"निम्मा जन्म बाहेरच उभे होतात पहाऱ्यावर," आई म्हणाली. "आताच काय झालं?"

बाबांनी फादरकडे पाहिलं. "हा हुकूम आहे?"

"विनंती आहे."

"हुकूम असता तर लगेच हो म्हटलं असतं," बाबा म्हणाले. "विनंती आहे तर विचार करावा लागेल."

त्यांनी दोन दिवस विचार केला. मग बुटांना पॉलिश करायला बसले, तेव्हा आम्हाला उत्तर कळलं.

त्या सकाळी चर्च भरलं होतं. झेंडा दाराशी, बंदुका बाहेर अंगणात, जवानांच्या नावांच्या दगडापाशी. बाबा पायरीवर ताठ उभे होते, बिगूल काखेत. फादरनी भाकर वर उचलली. मी घंटी वाजवली. एक, दोन, तीन. शेवटचा नाद विरेपर्यंत कुणी खोकलंही नाही.

मी बिगुलाची वाट पाहिली. काही नाही.

फादरनी भाकर खाली ठेवली, द्राक्षारसाचा प्याला वर उचलला. मी पुन्हा घंटी वाजवली. पुन्हा शांतता. ब्याऐंशी वर्षांचं हृदय, उन्हात उभं, रागावलेलं. काय झालं असेल त्यांना? फादरनीही माझ्याकडे पाहिलं आणि मानेनेच 'जा' म्हटलं. मी बाजूच्या दाराने अक्षरशः पळाले.

बाबा पायरीवर गुडघे टेकून बसले होते. बिगूल बाजूला फरशीवर आडवा.

"बाबा! काय होतंय?"

"काही नाही. उठता येत नाहीये," ते म्हणाले. "गुडघा धरलाय. हात दे."

"मग टेकलेतच कशाला? वाजवायचं होतं ना!"

"घंटी ऐकली गं," बाबा म्हणाले, जणू चूक माझीच होती. "मग बिगुलाचं विसरूनच गेलो."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांना उठवून उभं केलं, पँटची धूळ झटकली.

मिस्सा संपल्यावर अंगणात त्या दगडासमोर ते वाजवायला उभे राहिले. सूर सहा जणांसाठी पुरा सहा वेळा. चौथ्याला कवळी घसरली, सूर फाटला, त्यांनी अंगठ्याने दात वर सारले आणि पुढचे दोन तोंडभर फुंकले. कप्तान रडत सलामी देत होते. फादर मागे उभे होते, हात जोडून. आणि बाबा इतके खूश होते की घरी येताना त्यांनी बिगूल मलाही धरू दिला नाही.

दुपारी आईने चहा केला. बाबांनी दात काढून वाटीत ठेवले आणि बशी ओठाला लावली.

"इतकी वर्षं तू दर मिस्सेला वाजवतेस ती घंटी?" त्यांनी विचारलं. "आमच्या मिस्सेलासुद्धा?"

"हो." मग राहवलं नाही. "एक वर्ष सोडून. घंटी आत विसरले होते. तुम्ही वाजवत होतात, कुणाला कळलं नाही."

वाटलं, आता बाबा ओरडतील. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तरी त्या वर्षी ख्रिस्त आला असेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"आला असणारच, बाबा," मी म्हटलं. "आपलंच कुणाचं लक्ष नव्हतं."